लँडिंग लाइट लावला आणि तेलाचा दाब पडला

पार्श्वभूमी

विमान दोन आसनांचं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. मालकानं ते सुट्टीच्या दिवशी राबून सहा वर्षांत उभं केलं. इंजिन चार सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं. जुनंच, पण ओव्हरहॉल करून नवा रंग दिलेलं. ठिणगीसाठी दोन मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावरच स्वतःची वीज बनवणारी यंत्रं, त्यामुळे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही गेले तरी इंजिन चालत राहतं. बाकी सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि ६० अँपिअरच्या अल्टरनेटरवर. पॅनेलवर एकच मोठा पडदा. वेग, उंची, दिशा त्यावरच आणि इंजिनाचे आकडेही त्यावरच. हा पडदा दर सेकंदाला सगळे आकडे साठवून ठेवतो. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

घटना घडली तेव्हा विमानाचे साधारण १४० तास झाले होते. त्याआधी दोन किरकोळ तक्रारी होत्या. पहिली, स्टार्टर सुस्त फिरतो. त्यावर मालकानं नवी बॅटरी घातली. काही आठवडे बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसरी, तेलाचं तापमान थंडीतही ८८ अंशांच्या खाली येत नाही. खरं तर ८८ हा काही धोक्याचा आकडा नाही, पण त्याच्या अंदाजानं ते ८२च्या आसपास राहायला हवं होतं. म्हणून त्यानं तेलाचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बदलला. फरक शून्य. स्टार्टरची नोंद विमानाच्या वहीत झाली, तेलाची इंजिनाच्या वहीत. दोन्ही पानं कुणी शेजारी ठेवून वाचली नाहीत. वाचली असती तरी त्या वेळी काही सुचलं असतं की नाही, सांगता येत नाही.

काय झालं

दुपारनंतरचं उड्डाण, वैमानिक म्हणून मालक एकटाच, उंची अडीच हजार फूट. पुढची हवा धुरकट आणि दमट होत चालली होती. समोरून येणाऱ्या विमानाला आपण दिसावं म्हणून त्यानं लँडिंग लाइट लावला आणि लगेच पिटोट हीट, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीचा हीटरही चालू केला. नजर पुन्हा बाहेर गेली. काही क्षणांत हेडसेटमध्ये इशारा वाजला. पडद्यावर तेलाचा दाब ६२ वरून ४६ पीएसआयवर (चौरस इंचाला पौंड) आलेला, तांबड्या चौकटीत. त्याच्या शेजारी तेलाचं तापमान १०१, पिवळ्यात.

विमानाच्या इंजिनाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला ही जोडी काय सांगते ते वेगळं सांगायला नको. दाब खाली, तापमान वर: तेल संपतंय, नाहीतर बेअरिंग निकामी होत चाललं. त्यानं इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा थ्रॉटल मागे घेतला. दाब आणखी खाली गेला. थ्रॉटल मागे घेतला की निरोगी इंजिनातही दाब उतरतोच, पण त्या घडीला त्याला तो शेवटाचाच पुरावा वाटला. चार मैलांवर एक छोटी धावपट्टी होती. तिच्यापर्यंत नुसतं तरंगत जाता येईल याची खात्री होईपर्यंत त्यानं उंची सोडली नाही, मग उतरला. उतरताना दिवा चालूच होता.

धावपट्टीवरून बाजूला आल्यावर त्यानं दिवा आणि पिटोट हीट बंद केले. दाब थोडा चढला, तापमान उतरलं. ‘इंजिन गार झालं’ असं त्यानं मनाशी म्हटलं आणि मिक्स्चरचा दांडा ओढून, म्हणजे इंधन तोडून, इंजिन बंद केलं.

हवेतला निर्णय

पुढे काहीही निघालं असलं तरी हा निर्णय बरोबर होता. दाबाचा काटा खोटं बोलतोय असं धरून पुढे जायचं आणि तो खरा निघायचा, यात इंजिन अडकून पडतं. खरं बोलतोय असं धरून उतरायचं आणि तो खोटा निघायचा, यात एक दुपार जाते. या दोन चुकांची किंमत एकसारखी नाही.

तरी एक गोष्ट करता आली असती. पट्टी हाताशी आल्यावर, उंची शिल्लक असताना, सगळ्यात शेवटी जे केलं ते उलटवून पाहायचं. दोन स्विच बंद. आकडे क्षणात जागेवर आले असते तर विजेचा संशय तिथेच पक्का झाला असता. उतरायचं ते उतरायचंच होतं, पण तपासाची दिशा आकाशातच ठरली असती, आणि उतरताना मनावरचं ओझंही हलकं झालं असतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तेव्हा मला दिव्याची आठवणसुद्धा नव्हती.” हे पूर्ण खरं आहे. म्हणून ही ओळ आता त्याच्या तेलदाबाच्या आणीबाणीच्या यादीत छापलेली आहे: पट्टी निश्चित झाल्यावर शेवटचा स्विच उलटवा.

जमिनीवरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी मी आणि विमान बांधणारा आणखी एक मित्र तिथे पोचलो. प्रस्ताव तीन होते.

मित्राचं म्हणणं, तेल बघू, इंजिन जमिनीवर फिरवू, ठीक वाटलं तर दिवा न लावता घरच्या पट्टीवर जाऊ. मालकाचं म्हणणं, दाबाचा आणि तापमानाचा असे दोन्ही सेन्सर बदलू. स्वस्तात होतं आणि अर्ध्या दिवसात होतं. मला आधी इंजिनाचं आणि मापनाचं भांडण वेगळं करायचं होतं: इंजिन आजारी आहे, की आजाराची बातमी खोटी आहे? याचं उत्तर मिळेपर्यंत एकही भाग बदलायचा नाही.

सेन्सर बदलण्याच्या कल्पनेत एक अडचण होती. दोन स्वतंत्र सेन्सर, इंजिनावर दोन वेगळ्या ठिकाणी बसलेले, एकाच दिवशी, एकाच क्षणी बिघडतील हे पटत नव्हतं. दोन साक्षीदार एकच खोटं सांगत असतील तर त्यांचं कुठेतरी एकत्र बसणं-उठणं असणार.

आम्ही तेलाची पातळी पाहिली, पुरेशी होती. फिल्टर कापून घडी उलगडली. धातूचे कण नव्हते. मग दाबाच्या सेन्सरच्या जागी उसना आणलेला साधा यांत्रिक काटा बसवला, जो तेलाच्या दाबानंच हलतो आणि ज्याला वीज लागतच नाही. इंजिन गरम करून फिरवलं. काटा ७० वर स्थिर. इंजिन निर्दोष सुटलं. आता आरोपी वायरिंग.

तपास

त्या रात्री पडद्यातल्या नोंदी उतरवून घेतल्या. वैमानिकाच्या आठवणीत दाब ‘हळूहळू घसरत गेला’ होता. नोंदीत तसं काहीच नव्हतं. एका सेकंदाला ६२, पुढच्या सेकंदांत दोन पायऱ्या आणि थेट ४६. तापमानही त्याच दोन पायऱ्यांनी ८८ वरून १०१. त्याच्याच खालच्या ओळीत अल्टरनेटरचा प्रवाह: ८ अँपिअर, मग १६, मग २५. पायरीला पायरी जुळत होती.

माझ्यासाठी प्रकरण तिथेच फिरलं. इंजिनातलं काही लिटर तेल एका-दोन सेकंदांत तेरा अंशांनी तापत नाही. निसर्गात तसं होत नाही. आकडा किती आहे याकडे आपण सगळे बघतो; तो किती वेगानं तिथे पोचला, हे कमी वेळा बघतो.

नोंदीत आणखी एक खूण होती. सिलिंडर हेडची आणि एक्झॉस्टची तापमानं जराही हलली नव्हती. ती थर्मोकपलनं, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या सेन्सरनं, मोजली जातात. थर्मोकपलच्या दोन तारा उपकरणापर्यंत येतात आणि उपकरण त्या दोघींमधला फरकच मोजतं. तेलाचे दोन्ही सेन्सर मात्र एका तारेचे होते. अशा सेन्सरची दुसरी तार म्हणजे इंजिनाचं अंगच. पडदा ५ व्होल्टमधून एका रोधकाद्वारे सेन्सरला प्रवाह देतो, तो सेन्सरमधून इंजिनाच्या धातूत उतरतो, आणि इंजिनाचा धातू शून्य व्होल्टला आहे असं पडदा गृहीत धरतो. सगळा हिशोब या एका विश्वासावर उभा.

आता अल्टरनेटरकडे बघा. तो इंजिनावर बोल्टनं बसलेला आणि त्याचा ऋण टोक म्हणजे त्याचं अंग. त्यानं दिलेला प्रत्येक अँपिअर दिव्यातून, हीटरमधून, रेडिओतून जाऊन विमानाच्या बॉडीत उतरतो आणि बॉडीतून इंजिनाकडे परततो. पण इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, आणि रबर वीज नेत नाही. म्हणून फायरवॉलपासून, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यातल्या धातूच्या भिंतीपासून, इंजिनापर्यंत विणलेल्या तांब्याची एक जाड पट्टी टाकतात. परतीचा सगळा प्रवाह त्या पट्टीतून. तिच्या वाटेत रोध असेल तर २५ अँपिअर जाताना इंजिनाचं अंग बॉडीपेक्षा थोडं ऋण होतं. दाबाच्या सेन्सरचा रोध दाबाबरोबर वाढतो, तापमानाच्या सेन्सरचा तापमानाबरोबर घटतो. इंजिन पाव व्होल्टनं खाली बसलं की पडद्याला दोन्ही रोध कमी दिसतात: एकाचा अर्थ दाब पडला, दुसऱ्याचा अर्थ तेल तापलं. मरणाऱ्या इंजिनाचं हुबेहूब चित्र, एका ढिल्या ‘अर्थ’मुळे, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेवरच्या जोडणीमुळे.

व्होल्टमीटर मात्र सगळा वेळ १४.२ दाखवत होता. यातही गूढ नाही. अल्टरनेटरचा रेग्युलेटर फायरवॉलवर होता आणि बसबार (सगळ्या उपकरणांना वीज वाटणारा धातूचा दांडा) ते बॉडी एवढंच व्होल्टेज सांभाळत होता. वाटेत जे हरवत होतं ते अल्टरनेटर निमूटपणे जास्त देऊन भरून काढत होता.

मूळ दोष

इथे मला माझी चूक लिहायला हवी. पहिल्याच दिवशी मी ती पट्टी मल्टिमीटरच्या बझरवर तपासली होती. बीप वाजला, मी ‘अर्थ ठीक’ म्हणून पुढे गेलो. बांधताना मालकानंही असंच तपासलं होतं. बझर काही ओहमपर्यंत खुशाल वाजतो. आम्हाला हवा होता ओहमचा शंभरावा भाग, आणि साध्या मीटरच्या तारांचा स्वतःचा रोधच त्याच्या कितीतरी पट असतो. असा रोध ओहममध्ये शोधायचाच नाही. मोठा प्रवाह सोडायचा आणि सांध्याच्या दोन बाजूंमध्ये किती व्होल्ट पडतात ते बघायचं.

मोठा प्रवाह म्हणजे स्टार्टर. इथे घाई नको. मॅग्नेटो बंद आहे एवढ्यावर विसंबून प्रोपेलरजवळ उभं राहता येत नाही. मॅग्नेटो बंद करतात तोही अर्थला जोडूनच, आणि आम्हाला संशय अर्थचाच होता. म्हणून सगळ्या प्लगच्या तारा काढून बाजूला बांधल्या, मिक्स्चर बंद, चाकांना अडणी, शेपूट दोरानं बांधलेली. मीटरच्या तारा लांब करून कॉकपिटात आणल्या, म्हणजे स्टार्टर फिरताना पुढे कुणीच नाही. धन वायरवर प्रवाह मोजायला डीसी क्लॅम्पमीटर.

स्टार्टर फिरला तेव्हा प्रवाह १७० अँपिअर. बॅटरीच्या ऋण टोकापासून फायरवॉलच्या अर्थ ब्लॉकपर्यंत ०.१५ व्होल्ट, चालेल. ब्लॉकपासून पट्टीच्या पुढच्या लगपर्यंत (टोकाला बसवलेलं, बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं कडं) ०.०८, उत्तम. त्या लगपासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत १.८ व्होल्ट. लग आणि इंजिन यांत एका कागदाइतकंच अंतर आणि तिथे १.८ व्होल्ट!

बोल्ट काढला. लगचा चेहरा निळसर जांभळा झालेला, कडेला काजळी. त्याखाली इंजिनावर ओव्हरहॉलचा सुंदर राखाडी रंग, जवळजवळ अखंड, फक्त मधे लगच्या आकाराचं तपकिरी वर्तुळ. सहा वर्षं मेहनत करणाऱ्या माणसानं तो रंग खरवडला नव्हता, कारण नव्या इंजिनावर ओरखडा काढायला हात धजत नाही. प्रवाह जात होता तो केवळ बोल्टच्या आट्यांमधून, आणि प्रत्येक स्टार्टगणिक ते आटे थोडे अधिक जळत होते.

पट्टीचा एकूण रोध निघाला साधारण ०.०११ ओहम. २५ अँपिअरला ०.२८ व्होल्ट, म्हणजे पडद्यावर दिसला तेवढाच गोंधळ. ८ अँपिअरलाही ०.०९ व्होल्ट, म्हणजे रोजचे ६२ आणि ८८ हे आकडेसुद्धा खोटेच होते. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह निर्दोष होता. जुनी बॅटरीही निर्दोष होती. स्टार्टरच्या वाट्याचे जवळपास दोन व्होल्ट या रंगाच्या थरात जळत होते.

सगळ्यात जास्त धास्ती मात्र दुसऱ्याच गोष्टीनं वाटली. टॉर्च घेऊन बाकीच्या वाटा पाहत होतो. थ्रॉटल केबलचं लोखंडी कवच फायरवॉलमधून जातं आणि इंजिनावरच्या ब्रॅकेटला घट्ट धरलेलं असतं. म्हणजे तीही बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी तारच. फायरवॉलच्या छिद्राशी तिच्या कवचावर टाचणीच्या डोक्याएवढे दोन काळे ठिपके होते. पट्टीनं नाकारलेला प्रवाह स्टार्टरच्या वेळी थ्रॉटल केबलमधून वाट काढत होता. असंच चालू राहिलं असतं तर ती केबल आतून चिकटली असती. कधी, कुठल्या उंचीवर, हे कुणाच्या हातात नसतं. ‘दिवा न लावता घरी जाऊ’ हा पर्याय आम्ही नाकारला तेव्हा हे माहीत नव्हतं. कारण सापडलेलं नाही, एवढ्यावरच नाकारला होता.

दुरुस्ती

इंजिनावरची जागा खरवडून चकचकीत धातू उघडा केला, नवा बोल्ट, नवा लग, जोडल्यावर वरून सांधा झाकणारा लेप. लगवर क्रिंपिंग नीट दाबयंत्रानं केलं. थ्रॉटल केबल बदलली. मग दुसरी पट्टी टाकली, इंजिनाच्या दुसऱ्या बोल्टवरून, म्हणजे एक सांधा गेला तरी प्रवाहाला केबलकडे वळावं लागणार नाही. वजन किरकोळ वाढलं, मालकानं कुरकुर केली, मी हट्ट धरला.

वाद झाला तो सेन्सरवर. तीन तारांचा दाबाचा सेन्सर मिळतो, ज्याची अर्थची तार थेट उपकरणाकडे जाते. इंजिनाचं अंग वर-खाली झालं तरी त्याचा आकडा हलत नाही. मित्राचं मत, लगेच बसवा. माझं मन दोन दिवस तयार होत नव्हतं. तसा सेन्सर आधीच असता तर ही घटना घडलीच नसती, हे खरं. पण मग तो जळका सांधा कुणाला कळलाही नसता, आणि पहिली बातमी थ्रॉटलकडून आली असती. शेवटी दाबाचा सेन्सर तीन तारांचा बसवला, कारण खोट्या दाबावर उतरायला लागणं हाही धोकाच. तापमानाचा सेन्सर मात्र एका तारेचाच ठेवला. दिवा लावल्यावर तो हलला, तर अर्थ पुन्हा बिघडतोय असं समजायचं. हा निर्णय सगळ्यांना पटेल असं नाही. मला तो अजून योग्य वाटतो.

परिणाम

दुरुस्तीनंतर स्टार्टर फिरताना फायरवॉल आणि इंजिन यांच्यातली घट ०.१२ व्होल्ट. इंजिन चालू, दिवा आणि पिटोट हीट दोन्ही चालू, प्रवाह २५ अँपिअर: घट ०.०२. उड्डाणात दाब ७०, तापमान ८२. दिवा लावा वा बंद करा, आकडा जागचा हलत नाही. स्टार्टर इतका झटक्यात फिरला की मालक पहिल्यांदा दचकला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या उड्डाणाआधी ही एक चाचणी झाली असती तर १४० तास खोटे आकडे वाचावे लागले नसते. बांधणारे लोक वायर मोजून घेतात, फ्यूज हिशोबानं निवडतात, धन बाजूची प्रत्येक तार आराखड्यात रेखतात. ऋण बाजूला आराखड्यात तीन आडव्या रेघांचं चिन्ह काढलं की काम संपल्यासारखं वाटतं. पण त्या चिन्हाच्या जागी खऱ्या विमानात बोल्ट असतो, वॉशर असतो, रंग असतो. माझ्या आराखड्यांत मी आता परतीची वाट पूर्ण काढतो, प्रत्येक सांध्यासकट.

दुसरं, ओव्हरहॉलहून आलेल्या इंजिनावर अर्थची जागा कोणती हे रंगाआधीच ठरवून ती झाकून घेता येते. नंतर खरवडावं लागत नाही आणि ओरखड्याचं दुःखही होत नाही.

तिसरं, सुस्त स्टार्टर. बॅटरी बदलण्याआधी स्टार्टर फिरवताना बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट उरतात हे बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं की बॅटरी देतेय पण स्टार्टरपर्यंत पोचत नाहीये. तेव्हाच दोष सापडला असता, एकही इशारा वाजण्याआधी.

वार्षिक तपासणीच्या कागदावर मालकानं आता एक ओळ घातली आहे: स्टार्टर फिरताना इंजिन ते बॅटरी ऋण, किती व्होल्ट. पहिल्या वर्षीचा आकडा ०.२७, दुसऱ्या वर्षीचा ०.२८.